येतो म्हणून गेला

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

परभणीच्या बाजारात कुणाची चौकशी करायला गेलात, तर एक वाक्य हमखास कानावर पडते. 'तो येतो म्हणून गेला.' शेजारच्या दुकानात उर्दू बोलणारे गृहस्थ बसले असतील तर ते म्हणतील, 'वो आतूं बोलके गया.' ही दोन्ही वाक्ये जरा नीट ऐका. गेलेला माणूस 'तो' आहे, पण मधले 'येतो' हे 'मी येतो' या अर्थाचे, त्याच्या स्वतःच्या तोंडचे आहे. उर्दू वाक्यात तर 'आतूं' म्हणजे 'आता हूँ' हे अगदी स्वच्छ दिसते. म्हणजे जाणाऱ्याचे शब्द आपण जसेच्या तसे उचलले, त्यांना 'म्हणून'ची किंवा 'बोलके'ची गाठ मारली आणि पुढे 'गेला' जोडून मोकळे झालो.

हेच इंग्रजीत सांगायचे म्हणजे केवढा खटाटोप! 'मी'चा 'तो' करायचा, 'येईन'चा काळ एक पायरी मागे न्यायचा, मधे 'दॅट' बसवायचा, आणि आधी 'तो म्हणाला' हे सांगून मगच बाकीचे सांगायचे. शाळेत 'डायरेक्ट-इनडायरेक्ट' या नावाने आपण सगळ्यांनी हा घाम गाळला आहे.

आता तिसरे वाक्य ऐका. 'केलामान देब केत्दी.' ही भाषा उझबेक. ताश्कंद, समरकंद, बुखारा या गावांची. परभणीहून ताश्कंद सरळ रेषेत मोजले तरी अडीच हजार किलोमीटरच्या आसपास भरते. पण शब्दाखाली शब्द मांडून बघा. 'केलामान' म्हणजे 'येतो', 'मी येतो'. 'देब' म्हणजे 'म्हणून'. 'दे' या 'म्हणणे' अर्थाच्या धातूपासून झालेले रूप, जसे आपल्या 'म्हण'पासून 'म्हणून'. 'केत्दी' म्हणजे 'गेला'. येतो म्हणून गेला. एक शब्द इकडचा तिकडे करावा लागत नाही.

इंग्रजी आणि उझबेक या दोन भाषांच्या व्याकरणाची तुलना करणारी पुस्तके आणि लेख उझबेकिस्तानात बरेच लिहिले जातात. तिथल्या मुलांनाही इंग्रजी शिकायचे आहे. अशा तुलनेतली कोष्टके पाहताना मराठी माणसाची मोठी गंमत होते. इंग्रजीच्या रकान्यात 'नाही' आणि उझबेकच्या रकान्यात 'आहे' असे जिथे जिथे लिहिलेले असते, तिथे आपले बोट आपोआप उझबेककडे जाते.

खरे तर हे उलटे व्हायला हवे होते. कुळाचा विचार केला तर इंग्रजी आपली चुलत बहीण. कलकत्त्यात १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे हा विचार मांडला, तेव्हापासून हे नाते सर्वमान्य झाले आहे. 'नाव' आणि 'नेम', 'दोन' आणि 'टू' हे एकाच खाणीतले दगड आहेत. उझबेक ही मात्र तुर्की कुळातली भाषा. तिचे सगेसोयरे तुर्की, कझाक, उइगूर. तिच्यात 'कितॉब', 'बॉझॉर', 'मेहमॉन', 'दुश्मन' असे शब्द भेटतात, पण ते अरबी-फार्सीतून तिच्याकडे आले तसेच आपल्याकडेही आले. शब्दांचा हा व्यापार वेगळा आणि वाक्याची ठेवण वेगळी. मला बोलायचे आहे ते ठेवणीबद्दल. ती इतकी जुळत असूनही आपल्याला शाळेत ती कधी दिसली का नाही, याचा इतिहास थोडा जुना आहे आणि त्याची एक वाट आपल्या पाथरीवरून जाते.

अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ घराणे पाथरीच्या कुळकर्ण्यांचे, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. त्यामुळे पाथरी आपल्याकडे असावी हा निजामशहांचा हट्ट होता, आणि वऱ्हाडच्या इमादशहाशी लढून त्यांनी ती १५१८ साली घेतली. त्या निजामशाहीचे राज्य बुडून दीडशे वर्षे होत आली असताना, १७७८ साली, रोम शहरात मराठीचे एक छोटे व्याकरण छापले गेले. पोर्तुगीज भाषेत, मिशनऱ्यांच्या उपयोगासाठी. त्याच्या मुखपृष्ठावर लिहिले आहे की ही मराठी निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत चालणारी आहे. राज्ये गेली तरी भाषेच्या पत्त्यात त्यांची नावे राहिली! त्याआधी गोव्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण १६४० साली छापून झाले होते. पुढे १८०५ साली सेरामपूरहून विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण इंग्रजीत निघाले. या साऱ्या मंडळींचा हेतू व्यवहारी होता. त्यांना भाषा शिकायची होती, शिकवायची होती. लॅटिन किंवा इंग्रजी व्याकरणाचे कप्पे त्यांच्या डोक्यात तयार होते. मराठीतला माल त्यांनी त्या कप्प्यांत भरला. त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, दुसरे कप्पे त्यांच्यापाशी नव्हतेच.

मराठी माणसाने मराठीत लिहून छापलेले व्याकरण आले ते १८३६ साली. दादोबा पांडुरंग तर्खडकर तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' हे त्यांचे पुस्तक पिढ्यान् पिढ्या शाळांतून चालले. दादोबांच्या पुढे दोन नमुने होते. एक संस्कृतचा आणि दुसरा लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा, जो त्या काळी इंग्रजी शाळांतून सर्रास शिकवला जाई. संस्कृतातून आल्या विभक्ती, आणि इंग्रजीतून आल्या शब्दांच्या आठ जाती. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. ही आठ नावे आपण इतकी घोकली आहेत की ती ब्रह्मदेवाने नेमून दिली असावीत असे वाटते. वास्तविक आपल्या जुन्या परंपरेत यास्काचार्यांनी पदांचे भाग चारच केले होते: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आठाचा आकडा विलायतेहून आला.

दादोबांची बुद्धी मोठी होती. कप्पे उसने असले तरी त्यांत भरताना त्यांनी मराठीचा कान सोडला नाही. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या मतांची बारकाईने तपासणी केली, १९११ साली मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा जाडजूड ग्रंथ लिहून सगळे वाद एकत्र आणले, आणि अरविंद मंगरूळकर, कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकर यांच्यासारख्यांनी तर हे कप्पेच मोडायला हवेत की काय असा प्रश्न केला. पण विद्वानांचे हे वाद शाळेच्या पुस्तकापर्यंत फारसे पोचले नाहीत. तिथे आठ विभक्ती आणि आठ जाती ठाण मांडून राहिल्या.

मग कप्प्यांत न मावणाऱ्या वस्तूंचे काय झाले? त्या कोपऱ्यात टाकल्या गेल्या. 'म्हणून' हे उभयान्वयी अव्यय ठरले, 'आणि', 'पण', 'किंवा' यांच्या पंगतीत बसले. 'तो आजारी आहे म्हणून आला नाही' यात ते ठीक आहे. पण 'येतो म्हणून गेला' यातले 'म्हणून' कोणती दोन वाक्ये जोडते? 'तोच', 'आजच', 'नाहीच' यांतला 'च' शुद्ध शब्दयोगी अव्ययांत गेला. आणि 'तो आला म्हणे' यातल्या 'म्हणे'ला कुणी धड घरच दिले नाही.

या 'म्हणे'पाशी थोडे थांबू. 'तो आला' आणि 'तो आला म्हणे' या दोहोंत फरक काय? घटना तीच, काळ तोच. फरक एवढाच की पहिल्यात मी त्याला पाहिले आहे आणि दुसऱ्यात कुणीतरी मला सांगितले आहे. बातमीचे उत्तरदायित्व माझे नाही, हे मी एका शब्दात सांगून टाकले. इंग्रजीत यासाठी क्रियापदाचे रूप नाही; 'मी ऐकतो की', 'लोक म्हणतात की' असे वेगळे वाक्य जोडावे लागते, किंवा एखादे क्रियाविशेषण घालावे लागते. म्हणून इंग्रजी साच्याच्या व्याकरणात त्याचा रकाना नव्हता, आणि रकाना नव्हता म्हणून मराठीतही तो निघाला नाही. उझबेक व्याकरणात मात्र तो ठळकपणे आहे. 'ऊ केल्दी' म्हणजे तो आला, माझ्या माहितीप्रमाणे आला. 'ऊ केलिब्दी' म्हणजे आलेला दिसतोय, आता कळले. आणि 'केल्गान एमिश' म्हणजे आला म्हणे. ताश्कंदचा शाळकरी मुलगा हा भेद क्रियापदाचे अंग म्हणून शिकतो. आपला मुलगा तो आईच्या कडेवरच शिकतो, पण शाळेत त्याला कुणी त्याचे नाव सांगत नाही.

दुसरी गोष्ट 'ऊन'ची. 'जाऊन आला', 'जेवून झोपला', 'हात धुऊन ये'. एका कर्त्याच्या चार क्रिया असल्या तरी मराठी माणूस शेवटचेच क्रियापद पूर्ण करतो, आधीची सगळी 'ऊन' लावून ओवतो. इंग्रजीची रीत 'आणि' घालत जाण्याची. उझबेकमध्ये 'ऊन'चे काम 'इब' करतो. 'बॉरिब केल्दी' म्हणजे जाऊन आला. इथपर्यंत कुणी योगायोग म्हणेल. पण पुढे पाहा. आपण 'लिहून दिले' म्हणतो, तेव्हा 'देणे' म्हणजे काही हातातून देणे नसते. दुसऱ्यासाठी लिहिले एवढाच अर्थ. 'लिहून घेतले' म्हणजे स्वतःसाठी. 'लिहून ठेवले' म्हणजे पुढे उपयोगी पडावे म्हणून. 'खाऊन बघ' यात बघायचे काही नसते, चव घ्यायची असते. आता उझबेक: 'यॉझिब बेर्दी', लिहून दिले. 'यॉझिब ऑल्दी', लिहून घेतले. 'यॉझिब कोय्दी', लिहून ठेवले. 'येब कोर', खाऊन बघ. यातल्या 'बेर', 'ऑल', 'कोय', 'कोर' या धातूंचे मूळ अर्थ अनुक्रमे देणे, घेणे, ठेवणे आणि बघणे. त्यांनीही नेमकी हीच चार क्रियापदे निवडली आणि त्यांचा मूळ अर्थ असाच पुसट करून कामाला लावली!

तिसरी गोष्ट 'मला'ची. 'मला हे पुस्तक आवडते', 'मला पुस्तक पाहिजे'. आवडणारे पुस्तक, क्रियापद पुस्तकाच्या तालावर, आणि मी आपला चतुर्थीत बाजूला उभा. इंग्रजीत 'मी' मध्यभागी येऊन बसतो: मी आवडवतो, मी हवे करतो, अशा धाटणीने. उझबेक म्हणते 'मेंगा यॉकादी', मला आवडते; 'मेंगा कितॉब केराक', मला पुस्तक पाहिजे. 'मेंगा'मधला 'गा' म्हणजे आपला 'ला'. मालकी सांगायची तर इंग्रजीपाशी 'हॅव' हे एक भक्कम क्रियापद आहे. ते ना आपल्याकडे, ना त्यांच्याकडे. आपण म्हणतो 'माझ्यापाशी पुस्तक आहे', ते म्हणतात 'मेंदा कितॉब बॉर'. 'बॉर' म्हणजे आहे, 'योक' म्हणजे नाही. प्रश्न विचारताना इंग्रजीत क्रियापदाची उचलबांगडी होते. आपण शेवटी 'का' लावतो, 'तो आला का?', ते 'मी' लावतात, 'ऊ केल्दीमी?' आणि पाहुणा आल्यावर आपण चहा-बिहा विचारतो, तर ते 'चॉय-पॉय' विचारतात. इंग्रजांनी चहा साऱ्या जगाला पाजला, पण त्यातला 'बिहा' काही त्यांना जमला नाही.

अर्थात सगळेच असे जुळत नाही, आणि ओढूनताणून जुळवूही नये. लिंगाच्या बाबतीत मराठी एका टोकाला आणि उझबेक दुसऱ्या टोकाला. आपल्याकडे दगड पुल्लिंगी, वीट स्त्रीलिंगी, लाकूड नपुंसकलिंगी. उझबेकमध्ये तो, ती, ते या तिघांना मिळून एकच 'ऊ'. इंग्रजी मधे कुठेतरी. 'त्याने पुस्तक वाचले, पोथी वाचली' असे कर्माप्रमाणे बदलणारे क्रियापद या दोघींनाही ठाऊक नाही. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद तर आपला खास. 'आम्ही जेवायला चाललो' म्हटले की समोरच्याने समजावे आपल्याला बोलावणे नाही. 'आपण जेवायला जाऊ' म्हटले की त्याने चप्पल घालावी. इंग्रजीचा 'वुई' आणि उझबेकचा 'बिझ' दोन्हीकडे चालतो, त्यामुळे पंगतीतला घोटाळा तिथे होत असणार! इकडे दखनी उर्दूने मात्र 'हम' आणि 'अपन' असा भेद आपल्यासारखाच ठेवला आहे.

मग जे जुळते ते का जुळते? पहिले उत्तर कुणालाही सुचेल. तुर्क इकडे आले, राज्य केले, त्यांच्या बोलण्याची ढब आपल्याला लागली. हे उत्तर टिकत नाही, आणि ते तारखांनीच मोडते. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला १२९६ साली. म्हाइंभटांचे लीळाचरित्र त्याच्या आधीचे, ज्ञानेश्वरी १२९० ची. या ग्रंथांत 'जाऊनि', 'करूनि', 'म्हणौनि' ही रूपे पानोपानी आहेत. त्याही मागे गेले तर संस्कृतात 'गत्वा', 'कृत्वा' आहेत आणि दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवून मागे लावायचा 'इति' आहे. दक्षिणेकडे पाहिले तर तेलुगू, कन्नड, तमिळ या भाषाही 'म्हणून'च्या अर्थाचे रूप असेच लावतात. म्हणजे तुर्कांचे घोडे दख्खनमध्ये येण्याच्या कितीतरी आधी ही ठेवण इथे घट्ट होती.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ साली हिंदुस्थान हे एक 'भाषिक क्षेत्र' आहे असे दाखवून दिले. कुळे वेगळी असली तरी शेजारी शेजारी हजारो वर्षे राहून भाषा एकमेकींसारख्या होतात, हा त्यातला गाभा. पुढे कॉलिन मॅसिका यांनी या क्षेत्राची शीव कुठे संपते ते नकाशावर आखायला घेतले. कुठल्या भाषेत 'ऊन'सारखे रूप आहे, कुठे 'लिहून देणे'सारखी जोड-क्रियापदे आहेत, कुठे क्रियापद शेवटी येते, असे एकेक लक्षण घेऊन ते रेघा ओढत गेले. त्यांचे पुस्तक १९७६ चे. त्यांना अपेक्षा असणार की या रेघा हिमालय आणि हिंदुकुश यांच्यापाशी थांबतील. काही थांबल्याही. पण यांतल्या बऱ्याच रेघा डोंगर ओलांडून मध्य आशियात उतरल्या, तुर्की भाषांमधून पुढे थेट जपानकडे गेल्या. पश्चिमेला युरोपात मात्र त्या तशा गेल्या नाहीत. ही एवढी मोठी पट्टी कशी तयार झाली, कुणाचे कुणाकडून आले, याचा निकाल अजून लागलेला नाही. माझ्या मते तो एका वाक्यात लागणारही नाही. पण पट्टी आहे, आणि परभणी तिच्या आत आहे, लंडन बाहेर.

शेजाराने भाषा किती जवळ येतात याचा एक पुरावा तर आपल्या महाराष्ट्रातच मिळाला. सांगली जिल्ह्यातले कुपवाड. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या कन्नड, मराठी आणि उर्दू बोलण्याचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. घरात ज्याची त्याची भाषा, बाहेर सगळ्यांच्या सगळ्या. परिणाम असा की शब्द आपापले राहिले आणि वाक्याची ठेवण एक झाली. एका भाषेतले वाक्य शब्दाच्या जागी शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येऊ लागले. त्या तीन भाषा दोन वेगळ्या कुळांतल्या आहेत हे लक्षात घ्या. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे कुपवाड देशोदेशी माहीत असते.

तुर्कांकडून आपल्याकडे काही आलेच नाही असे मात्र नाही. आले ते शब्द आणि एक प्रत्यय. वर्तमानपत्रात 'पोलिसांची जादा कुमक' वाचतो ती 'कुमक' तुर्की. उझबेकमध्ये आजही 'कोमाक' म्हणजे मदत. 'कैची' तिथे 'कायची'. गारगोटीवर ठिणगी पाडणारी 'चकमक', जी पुढे सैन्यांमध्ये झडू लागली, ती तिथे 'चाकमॉक', म्हणजे गारगोटी आणि आकाशातली वीजही. 'उर्दू' हा शब्दच छावणीच्या तुर्की नावावरून आलेला. आणि प्रत्यय म्हणजे 'ची'. खजानची, मशालची, तोफची, बावर्ची. अमुक काम करणारा तो 'ची'.

या 'ची'बद्दल एक फार जुना मजकूर आहे. हेरात शहरात अलीशेर नवाई नावाचा थोर कवी होऊन गेला. आजचे उझबेक त्याला आपल्या भाषेचा आद्य पुरुष मानतात. त्या काळी दरबारात लिहायची भाषा फार्सी. तुर्की म्हणजे शिपायांची, घोडेवाल्यांची बोली. नवाईने १४९९ साली एक पुस्तक लिहून या दोन भाषांचा न्यायनिवाडा केला आणि कौल तुर्कीच्या बाजूने दिला. त्याचे युक्तिवाद व्याकरणाचे आहेत हे विशेष. तुर्कीत एका धातूला अक्षर जोडून 'एकमेकांना करणे' होते, दुसरे जोडून 'करवणे' होते, हे फार्सीला साधत नाही, असे तो म्हणतो. आणि मग 'ची'कडे वळतो. हुद्दा किंवा धंदा सांगायला हा प्रत्यय फार्सीपाशी नाही, फार्सी बोलणारेही तो तुर्कीतूनच घेतात, असे सांगून तो हुद्द्यांची यादी देतो. तिच्यात 'खिझॉनाची' आहे. म्हणजे आपला खजानची! 'वडिलांनी मारले' आणि 'मारवले' यांतला भेद आपल्याला जन्मजात असल्यामुळे नवाईचा अभिमान आपल्याला पटकन समजतो. इंग्रजीला तिथे 'मेक' आणि 'हॅव' यांच्या कुबड्या लागतात.

नवाईच्या पुढच्या पिढीत बाबराने याच भाषेत आपले आत्मचरित्र लिहिले. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी समरकंदकडचे ख्वाजा आबिद मोगलांच्या चाकरीत आले. १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात जखमी होऊन ते वारले. त्यांचा नातू म्हणजे हैदराबादचा पहिला निजाम. परभणी १९४८ पर्यंत ज्या राज्यात होती, त्या राज्याचे घराणे असे उझबेकांच्या मुलखातून आलेले. दरबाराची भाषा आधी फार्सी आणि पुढे उर्दू झाली. तुर्की घराण्याबरोबर टिकली नाही. आणि लोकांच्या जिभेवर तिची काय गत झाली पाहा: हिंदी-उर्दूत 'उजबक' म्हणजे अडाणी, बावळट माणूस.

आता परत परभणीत येऊ, कारण या साऱ्याचा चटका इथे बसतो. निजामाच्या काळी इथे दोन मुले शेजारी राहत. एक मराठी व्याकरण शिके, त्यात शब्दांच्या जाती आठ, इंग्रजी साच्याच्या. दुसरा उर्दू शिके, त्यात इस्म, फेल आणि हर्फ असे तीनच भाग, अरबी साच्याचे. उर्दूची जात हिंदुस्थानी आहे, तिला अरबीचे नियम लावणे चूक आहे, असे मौलवी अब्दुल हक यांनी आपल्या 'कवायदे उर्दू'त बजावले होते. हे अब्दुल हक पुष्कळ वर्षे औरंगाबादेत राहिले आणि मराठीवर फार्सीचा परिणाम काय झाला यावर त्यांनी १९३३ साली उर्दूत पुस्तिकाही लिहिली. पण एकाला आठ आणि दुसऱ्याला तीन हे चालूच राहिले. गल्लीत खेळताना मात्र एक 'येतो म्हणून गेला' म्हणे आणि दुसरा 'आतूं बोलके गया'.

त्या दुसऱ्या मुलाला लखनौ-दिल्लीकडचा माणूस आजही हसतो. 'मैं आयाच नहीं', 'लोगां बैठे', 'मैं खाना खाया' ही म्हणे बिघडलेली उर्दू. मराठवाड्याच्या मराठीला पुण्याकडे असेच हसतात. 'आयाच'मधला 'च' हा आपल्या 'आलोच नाही'मधला 'च' आहे. उत्तरेच्या उर्दूला एवढ्या जागेत एवढा जोर देता येत नाही, तिला 'ही' लावावा लागतो आणि तो हवा तिथे बसत नाही. यात बिघाड कुठला? दखनीने शेजाऱ्याकडून एक कामाचे हत्यार घेतले, आणि सहाशे वर्षे वापरले.

दुसरा चटका इंग्रजीच्या वर्गात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आपला मुलगा 'अ' आणि 'द' गाळतो, 'मला दोन भाऊ आहेत'च्या वळणाने 'हॅव'चे वाक्य चुकवतो, प्रश्न विचारताना क्रियापद हलवायला विसरतो. गुरुजी लाल शाई वापरतात आणि पालक म्हणतात, पोरगं कच्चं आहे. ताश्कंदच्या मुलाचीही 'अ' आणि 'द' यांच्यापाशीच अडचण होते, कारण त्याच्या भाषेतही ते नाहीत. फरक एवढाच की तिथले शिक्षक कोष्टक मांडून त्याला सांगू शकतात: हा रकाना तुझ्या भाषेत रिकामा आहे, इथे जपून. आपल्या पुस्तकात आठ जाती इंग्रजीसारख्याच छापलेल्या असल्यामुळे मुलाला वाटते दोन्ही घरे सारखीच आहेत, आणि तो अंधारात उंबऱ्याला ठेचकाळतो.

मराठी आणि इंग्रजी यांचे तसे कोष्टक मांडायला फार साधने लागत नाहीत. एक फळा, दोन रकाने. डावीकडे पहिली ओळ 'तो आला म्हणे'. उजवीकडे काय लिहायचे ते मुलांनाच विचारावे. उर्दू शाळेतल्या मुलांनाही त्याच वर्गात बोलावता आले तर रकाने तीन करावेत. दुसऱ्या ओळीत 'येतो म्हणून गेला', तिसऱ्यात 'लिहून ठेव', चौथ्यात 'चहा-बिहा घ्या'. सगळ्यात उजवीकडचा रकाना भरताना वर्ग गप्प होईल, आणि मधला भरताना हसेल.